गच्चीवरचा महाराष्ट्र

पान उघडत नाही असा फोन आला की अभिनंदन मगदूम आता सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो, "तुम्ही आत्ता कुठं उभे आहात?"

बेळगावात टिळकवाडीतल्या ज्या छोट्या कंपनीत तो सर्व्हरची कामं बघतो, तिथली मुलं या प्रश्नाला हसतात. फोन कुठला, ब्राउझर कुठला, हे सोडून हा माणूस उभं राहायची जागा विचारतो. समोरचा म्हणतो, घरात. अभिनंदन म्हणतो, घरात कुठं, खाली की वर, नदीच्या अंगाला की रस्त्याच्या? उत्तर मिळेपर्यंत तो कीबोर्डला हात लावत नाही.

ही सवय त्याला गेल्या भाद्रपदात लागली. त्याआधीच त्याला ती असायला हवी होती, कारण त्याचं गाव कारदग्याच्या शेजारी, दूधगंगेच्या काठावर आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. माणसांना नदी दिसते, रस्त्यावरची पाटी दिसते. फोनला यातलं काहीच दिसत नाही. तो जो टॉवर जोरात ऐकू येईल त्याला चिकटतो. त्यामुळं या गावात खाली सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, कर्नाटक आणि गच्चीवर महाराष्ट्र अशी वाटणी फोन आल्यापासून आहे. जिना चढला की खिशात थरथर होते आणि कंपनीचा संदेश येतो, महाराष्ट्रात आपले स्वागत आहे. अभिनंदनचे वडील भुजबली, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून खाली येताना म्हणायचे, "आलो बाबा परराज्यातनं." शाळेत असताना अभिनंदन स्वतः परीक्षेचा निकाल बघायला गच्चीच्या नदीकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीवर एक पाय ठेवून उभा राहिला होता, कारण तिथंच रेंज यायची.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून ब्राह्मी आक्काचं घर. अभिनंदनची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, सकाळच्या गाडीनं जायची आणि दिवस कलल्यावर यायची. मधल्या वेळात त्याला जेवू घालणं, शाळेत धाडणं आणि सूर्य बुडायच्या आत पुन्हा ताटावर बसवणं हे आक्कानं केलं. वाळल्या तंबाखूच्या वासाची आई आणि ताकाच्या वासाची आक्का, असं त्याचं लहानपण दोन वासांत वाटलेलं होतं. आक्काचा मुलगा इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात आहे. घरी आक्का आणि सून दीप्ती. घरातल्या सगळ्यांची सिमकार्डं मुलानं इचलकरंजीतूनच एकदम घेतलेली, नदीपलीकडची, खालच्या सोप्यातही पलीकडचाच टॉवर धरणारी.

तीन वर्षांपूर्वी आक्काच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती निपाणीला एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात जाते. यंत्रं थोडी आणि माणसं जास्त, म्हणून ट्रस्टनं एक रीत घातली होती. ज्याची उद्या वेळ आहे त्यानं आदल्या संध्याकाळी फोनवर पान उघडून 'उद्या येणार' हे बटण दाबायचं. ठरलेल्या वेळेत दाबलं नाही तर ती वेळ वाट बघणाऱ्या दुसऱ्याला जायची. रीत चांगली होती. पूर्वी कुणी न सांगता घरी राहायचं आणि यंत्र दुपारभर रिकामं पडायचं.

हे पान चालवायचं काम अभिनंदनच्या कंपनीकडं आलं, तेव्हा त्याला मनातून आनंद झाला. आतापर्यंत त्यानं शाळांच्या, सोसायट्यांच्या, कपड्याच्या दुकानांच्या साइट सांभाळल्या होत्या. आता आक्का जे बटण दाबणार होती ते त्याच्या हाताखाली येणार होतं. सुरुवातीला सगळं एकाच सर्व्हरवर होतं. संध्याकाळची वेळ झाली की सगळे रुग्ण एकदम यायचे आणि सर्व्हर मान टाकायचा. अभिनंदननं सेवा क्लस्टरवर नेली. काही यंत्रं एकमेकांना जोडून त्यांच्यावर त्याच सेवेच्या अनेक प्रती चालू केल्या आणि सगळ्यांच्या पुढं एक लोड बॅलन्सर ठेवला.

गावी गेल्यावर आप्पांना त्यानं समजावून सांगितलं. "रेशन दुकानात एकच खिडकी असली की रांग लागती का न्हाय? मी पाच खिडक्या केल्या. आन दारात एक माणूस उभा केला. आलेल्याला तो म्हणतोय, तू त्या खिडकीला जा, तू ह्या. एखादी खिडकी बंद पडली तर तिकडं कुणाला सोडत न्हाय."

"त्या दारातल्याला पगार कोण देतंय?" आप्पांनी विचारलं.

"त्याला कशाचा पगार. ते मशीनच की."

"मग ते ऐकतंय कुणाचं?"

"माझं."

"म्हंजे हाकललं तरी तूच हाकललंस म्हणायचं," आप्पा म्हणाले आणि शेंगा फोडत राहिले. तेव्हा सगळे हसले होते.

श्रावणाच्या तोंडाला त्या पानावर बाहेरून धडका सुरू झाल्या. कुठल्या कुठल्या गावांतली, देशांतली यंत्रं विनाकारण पान मागत राहायची, आणि तीही नेमकी संध्याकाळी. कोण करत होतं, कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रती वाढवल्या तरी पुरेनात. अभिनंदननं थोडा विचार केला. केंद्र निपाणीत, रुग्ण निपाणी-चिकोडी भागातले, सगळे कर्नाटकातले. मग बाहेरच्यांना दारातच का अडवू नये? इंटरनेटवर येणारा प्रत्येक फोन एक पत्ता घेऊन येतो आणि तो पत्ता साधारण कुठल्या राज्यातला हे कळू शकतं. त्यानं लोड बॅलन्सरच्या आधी एक नियम लिहिला. कर्नाटकातले पत्ते आत, बाकीचे बाहेर. बाहेरच्याला एक कोरं पांढरं पान दिसेल आणि त्यावर एक आकडा, चारशे तीन. संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ, आत यायला मनाई.

ज्या रेषेवरून या भागात किती मोर्चे निघाले, किती पाट्या पुसल्या गेल्या, ती रेषा त्यानं दुपारच्या चहाआधी ओढली आणि चहाला गेला.

त्या संध्याकाळी पडद्यावरचा आलेख शांत झाला. धडका थांबल्या. लोड बॅलन्सर दर थोड्या वेळानं प्रत्येक प्रतीला विचारत होता, जिवंत आहेस का, आणि प्रत्येक प्रत हो म्हणत होती. सगळे दिवे हिरवे. बैठकीत साहेबांनी नाव घेऊन कौतुक केलं. आलेखाची ती खाली आलेली रेघ अभिनंदन बराच वेळ बघत होता. कमी झालेल्या गर्दीत आक्काही आहे हे त्या रेघेवरून दिसणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला.

"आभी, तुझं ते पान उघडंना झालंय रं."

त्यानं समोरच्या लॅपटॉपवर पान उघडून बघितलं. लगेच उघडलं. "हितं उघडतंय की आक्का. तुझा फोन जुना झालाय. बंद करून चालू कर."

"केलं. पांढरं पांढरं दिसतंय. वर कसला तरी आकडा येतोय बघ."

"ते ऱ्हाऊ दे. परत एकदा बंद करून चालू कर."

कुठला आकडा, हे त्यानं विचारलं नाही. पुढं कितीदा तरी तो मनात त्या वाक्यापाशी जाऊन उभा राहिला आहे. आक्कानं आकडा वाचून दाखवला असता. तिला आकडे छान येतात.

दुसऱ्यांदा तिनं फोन केला तेव्हा तो कामात होता. "तू घाईत भलतंच काहीतरी दाबत असशील," तो म्हणाला, "दीप्तीला दाबायला सांग." दीप्तीचा फोनही पलीकडचाच होता. तिनं दाबलं आणि तिलाही तेच पांढरं पान दिसलं. तिसऱ्यांदा आक्कानं फोनच केला नाही. आपल्यालाच दिसत नाही असं ठरवून ती निपाणीच्या बाजारात जाऊन नवा चष्मा करून आली.

बटण दाबलं गेलं नाही तरी ती केंद्रात जात राहिली. बाकावर बसून राहायची. कुणी आलं नाही तर उरलेली वेळ मिळायची, कधी अर्धीच, कधी तीही नाही. बाकावर तिला भरमू भेटायचा, पलीकडच्या आळीतला पिठाच्या गिरणीचा मालक. त्याचाही फोन पलीकडचाच टॉवर धरायचा, त्यामुळं त्याचीही वेळ अशीच जात होती. तो कुणाला विचारायलाही गेला नाही. फोनवर कोरं पान आणि आकडा दिसला तेव्हा त्यानं ती मनाईच धरली. हद्दीवरच्या माणसाला कुठल्या ना कुठल्या खिडकीवर, तुमचं तिकडं, असं कधीतरी ऐकावं लागलेलंच असतं. इथंही आता तसंच झालं असेल, असं त्याला वाटलं. केंद्रातल्या मंगल मॅडम वेळा वाटायचं काम करतात. बाई मनानं वाईट नाहीत, पण दिवसभर तेच तेच सांगून दमलेल्या असतात. त्यांनी एकदा भरल्या बाकासमोर भरमूला म्हटलं, "काका, येत नसेल तर नातवाकडून दाबून घ्या ना. एवढं एक बटण आहे." भरमू मॅट्रिक झालेला माणूस. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

भाद्रपद लागला. एका दुपारी आक्काला श्वास पुरेना झाला. अंगात पाणी साचलं होतं. मुलगा इचलकरंजीहून गाडी घेऊन आला आणि तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं काही दिवस नळ्या, ऑक्सिजन. ती घरी आली ती निम्मी होऊन. अभिनंदनला आप्पांनी फोनवर कळवलं, तेव्हा तो हळहळला आणि दुखणंच तसलं आहे म्हणाला. जैनांच्या दशलक्षण पर्वाला गावी यायचंच होतं, तेव्हा भेटू असं ठरवलं.

तो आला त्या संध्याकाळी आक्का सोप्यात उशीला टेकून बसली होती. सूर्य बुडायला आला होता, जेवणं आटपली होती. दीप्ती ताटं उचलत होती.

"बरं झालं आलासा," दीप्ती म्हणाली. "उद्या आईंची वेळ हाय. तुमी इंजिनेर, तुमीच दाबा आता. आमच्या बोटांस्नी काय जमत न्हाय."

"दे गं त्याला फोन," आक्का हसून म्हणाली. "त्याचंच पान, त्याला उघडंल."

अभिनंदननं आक्काचा फोन हातात घेतला, पान उघडलं. पांढरं. वर कोपऱ्यात चारशे तीन.

हा आकडा त्यानं स्वतः त्या दारात ठेवला होता.  तो उठून बाहेर आला, आपल्या घराचा जिना चढून गच्चीवर गेला. नदीवर थोडा उजेड शिल्लक होता. टाकीजवळ पोचेपर्यंत त्याचा स्वतःचा फोन खिशात थरथरला. महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.

त्यानं स्वतःच्या फोनवरून पान उघडून बघितलं. त्यालाही मनाई होती.

या गच्चीवर त्यानं निकाल बघितला होता. इथल्या विनोदावर तो शेकडो वेळा हसला होता. सगळ्या बेळगावात हे ज्याला ठाऊक असायला हवं असा एकच माणूस नियम लिहायच्या खुर्चीत बसला होता आणि त्यानंच कोण कशाला पलीकडून येईल, असं धरलं होतं.

खाली जाऊन त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला. राज्याचा नियम काढून टाकला. त्याऐवजी एकाच जागेवरून थोड्या वेळात फार वेळा पान मागितलं तर तेवढ्यालाच अडवायचं, असं केलं. हे आधीही करता आलं असतं. जरा जास्त काम होतं, एवढंच. मग आक्काकडं परत गेला. पान उघडलं. 'उद्या येणार' हे हिरवं बटण आलं. आक्कानं बोटानं ते दाबलं आणि बोट तसंच थोडा वेळ काचेवर ठेवलं.

"बघ," ती दीप्तीला म्हणाली, "ह्याच्या हाताला गुण हाय."

सांगायची जागा हीच होती. अभिनंदन मान खाली घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला.

बेळगावला परतल्यावर बैठकीत तो म्हणाला, "काही वापरकर्त्यांना अडचण येत होती, ती सोडवली." वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. कामासाठी मंगल मॅडमना फोन केला तर त्या आनंदात होत्या. "आता सगळे दाबायला लागले बघा. आधी शिकायचं मनावरच घेत नव्हते ही माणसं. बोलावं लागतं थोडं."

"हो," अभिनंदन म्हणाला.

ते 'हो' त्याला फार लागलं. चूक दुरुस्त झाली होती, पण ती ज्यांच्या नावावर लागली होती त्यांच्याच नावावर राहिली होती. आक्काच्या डोळ्यांवर, दीप्तीच्या बोटांवर, भरमूच्या शिक्षणावर. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती तिथून काढता येणार नव्हती. बेळगावातल्या शहापूरच्या खोलीवर जेवताना त्याला आक्काचा हात आठवायचा, सूर्य बुडायला आला की, आवर लेकरा, म्हणत ताट पुढं सरकवणारा. 

पर्व संपल्यावर क्षमावणीचा दिवस येतो. त्या दिवशी गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळे जमतात आणि एकमेकांसमोर हात जोडतात. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. सासू सुनेला म्हणते, भाऊ भावाला म्हणतो, बांधावरून भांडलेलेही म्हणतात. सकाळपासून फोनवर फुलांची चित्रं आणि 'उत्तम क्षमा' येत राहतं. अभिनंदन मुद्दाम रजा काढून आला होता. या दिवशी सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं.

बस्तीच्या अंगणात आक्काला खुर्ची दिली होती. आजारातून उठलेली म्हणून तिच्यापुढं मोठी रांग लागली होती. अभिनंदन रांगेत उभा राहिला, जवळ आल्यावर वाकला.

"आक्का, क्षमा कर."

"केली रं बाबा, केली. आन मलाबी कर. लई तरास दिला तुला, सारखा फोन करून करून."

"तसं न्हवं आक्का. माझी खरंच चूक हाय."

"खरीच असती की. खोट्या चुकीची कोण क्षमा मागतंय?"

आजूबाजूचे हसले. मागून आप्पा म्हणाले, "आवर की रं आभी. तुझ्या त्या दारातल्या माणसाला बोलीव, रांग तरी हलंल."

पुन्हा हसू झालं. अभिनंदन बाजूला झाला. दिवसभर कितीतरी लोकांनी त्याच्यासमोर हात जोडले, त्यानंही जोडले. सगळ्यांची सगळी क्षमा झाली आणि त्याची एक गोष्ट जिथं होती तिथंच राहिली.

दुपारी तो आक्काच्या घरी गेला. दीप्ती अंगणात धुणं वाळत घालत होती. आक्का सोप्यात एकटीच होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि काही न गाळता त्यानं सांगितलं. नियम कुणी लिहिला, का लिहिला, गच्चीवरचा टॉवर तो कसा विसरला, आकडा कुठला ते त्यानं कसं विचारलं नाही. सांगताना तो क्लस्टर, लोड बॅलन्सर हे शब्द वापरत नव्हता. दारात माणूस मी उभा केला, आणि तुला आत सोडू नको असं त्याला मीच सांगितलं होतं, एवढंच म्हणाला.

 आक्कानं विचारलं, "म्हंजे मी बरोबर दाबत होते?"

"व्हय."

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पण डोळ्यांवर लावला नाही. "मग ह्यो कशाला केला मी," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. थोड्या वेळानं म्हणाली, "कोल्हापुरात त्या नळ्या घातल्यावर मला वाटत हुतं, आपलं डोस्कंच गेलं आता. एक बटण दाबाय येत न्हाय. सुनंला भार. रातध्याड तेच येत हुतं मनात."

अभिनंदननं हात जोडले. तिनं ते बघितले.

"सकाळी केली ती क्षमा सगळ्यास्नी केली," आक्का म्हणाली. "ही येगळी हाय. ही आज नको मागूस माझ्याकडं. मला आज जमणार न्हाय."

"बरं," तो म्हणाला.

"आन मला एकटीला सांगून काय व्हतंय? त्यो भरमू हाय की. आमचं निदान सांगाय तरी तू हुतास. त्याचं कोण हुतं?"

भरमूचं घर जैन नाही, तिथं क्षमावणी नसते. तिथं जाऊन हात जोडले तर त्याला दिवसाचा आधार नव्हता, ठरलेले शब्द नव्हते. अभिनंदन गिरणीपाशी पोचला तेव्हा पट्टा बंद होता आणि भरमू पाय बाकावर ठेवून बसला होता. पावलं सुजलेली होती. अंगावर, भुवयांवर पीठ होतं.

"भरमूमामा, तुमच्या फोनवर पान उघडत नव्हतं, त्यात तुमची चूक नव्हती," अभिनंदननं उभ्यानंच सांगितलं. "ती माझी चूक. पलीकडच्या टॉवरवरनं येणाऱ्यास्नी मी बंद केलं हुतं."

भरमूनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तू? आपल्या मगदुमाचा?"

"व्हय."

"मला वाटलं सरकारनं केलं." तो हसला, पण हसू लगेच संपलं. "सरकारनं केलं असतं तर बरं वाटलं असतं बघ. सवय हाय."

भरमूनं पाय बाकावरून खाली घेतले.

"उद्या माझी वेळ हाय," भरमू म्हणाला. "तुझ्या आक्काचीबी हाय. येतूस काय संगट?"

"येतो की. पण कशाला?"

"हे मला सांगितलंस ते तिथं सांग. त्या मॅडम मला समद्यांम्होरं बोलल्यात. मग हेबी समद्यांम्होरं व्हाय पायजे. माझ्याकडं हात जोडून काय करतूस? मी काय देव हाय व्हय?"

रजा संपली होती. अभिनंदननं साहेबांना फोन केला आणि उद्या का येणार नाही ते सांगितलं, या वेळी नियमासकट, आक्कासकट.  साहेब म्हणाले, "लेखी पण दे मला." तो बरं म्हणाला.

सकाळच्या एसटीत आक्का खिडकीशी, भरमू मागच्या सीटवर, अभिनंदन दांड्याला धरून उभा होता.  उसाच्या रानांवर धुकं होतं. भरमूनं एकदा खिशातून फोन काढून बघितला आणि म्हणाला, "आलो कर्नाटकात." आक्का खिडकीकडं तोंड करून हसली.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. बाकावर नेहमीचे चेहरे होते, डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेले. अभिनंदनला बघून मंगल मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"अरे, इंजिनिअरसाहेब स्वतः आले. बघा हं सगळ्यांनी, यांच्यामुळं आपलं पान नीट चालतंय."

"मॅडम, तेच सांगायला आलोय," अभिनंदन म्हणाला. त्याचा आवाज नको तितका हळू आला, म्हणून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मध्ये ज्यांचं पान उघडत नव्हतं, त्यांना दाबता येत नव्हतं असं नव्हतं. ते बरोबरच दाबत होते. मी एक नियम चुकीचा लिहिला आणि नदीकाठच्या गावांतले फोन बाहेर अडकले. त्यांच्या वेळा माझ्यामुळं गेल्या. आक्कांना दवाखान्यात न्यावं लागलं, तेही त्यामुळंच. भरमूमामांना तुम्ही जे बोललात, ते मला बोलायला हवं होतं."

 कोपऱ्यातल्या एका बाईनं पिशवीतून आपला फोन काढला, त्याकडं बघितलं आणि पुन्हा पिशवीत ठेवला. ती कुठल्या गावची होती ते अभिनंदनला माहीत नव्हतं. तिच्याही किती वेळा गेल्या असतील हे त्याला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

मंगल मॅडम खाली बसल्या. "मी तुम्हाला फोनवर तसं म्हटलं," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"हो. म्हणालो."

मॅडमनी भरमूकडं बघितलं. "काका, चुकलं माझं."

भरमू उठला. त्याचं नाव पुकारलं गेलं होतं. आत जायच्या आधी तो दारात थांबला, बाकाकडं वळून सगळ्यांना म्हणाला, "मॅट्रिकला मला गणितात फस्क्लास हुता," आणि आत गेला.

दुपारनंतर आक्काचं झालं. अभिनंदन तिला घेऊन जिना उतरू लागला. अर्ध्यावर ती थांबली. कठड्याला धरून तिनं श्वास घेतला. कोल्हापूरला जायच्या आधी ती या जिन्यावर थांबत नसे. अभिनंदनचा हात आपोआप पुढं झाला. तिनं तो घेतला नाही, झिडकारलाही नाही. आपल्या वेगानं दम येऊ दिला.

"दीप्तीला फोन लाव," ती म्हणाली. "गाडी किती वाजताची हाय इचार."

त्यानं फोन लावला. रिंग वाजत होती तेवढ्यात ती पुढच्या पायरीवर उतरली, आणि तो तिच्या मागं एक पायरी सोडून उभा राहिला, ती पुन्हा कुठं थांबते ते बघत.